नामाजी कोंडवाड्यात जातो

नामाजीकडं काही मागायला गेलो आणि रिकाम्या हातानं परत आलो, असं पुसेगावात कुणी सांगितलं, तर ऐकणारा एवढंच विचारतो, "काहून? नामाजी घरी नव्हता?"

देवानं नामाजीला घडवताना हात आखडता घेतला नव्हता. उंची दिली, मिशी दिली, रानात हाक मारली तर ओढ्यापलीकडच्या शेळीनं मान वर करावी असा आवाज दिला. फक्त 'न्हाई' म्हणायला गळ्यात जी काय शीर लागते, ती घालायची राहून गेली. त्याचा फवारणीचा पंप एकानं नेलेला असताना दुसरा मागायला आला, तेव्हा नामाजीनं तिसऱ्याकडून पंप उसना आणून दुसऱ्याला दिला. आणि स्वतःच्या तुरीवर अळी पडली तेव्हा बांधावर बसून तिच्याकडं बघत राहिला. पंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलांनी त्याच्या गळ्यात उपरणं घातलं. दोन्ही त्यानं ठेवून घेतली. शेवटच्या दिवशी दोन्ही मिरवणुका मारुतीसमोर एकमेकींना भिडल्या, तेव्हा नामाजी नेमका कोणत्या मिरवणुकीत नाचत होता, यावर गावात आजही एकमत नाही.

त्याच्या वाटचं 'न्हाई' त्याची बायको नर्मदाबाई म्हणायची. पुढच्या खेपेला पंपवाल्याला तीच म्हणाली, पॅनेलवाल्यांनाही तीच म्हणाली. "लग्न झाल्यापासून दोघांचं न्हाई मी एकटीच म्हणून राहिले," ती शेजारणीला सांगे. "आता तोंडाला चवच न्हाई राहिली."

नामाजीच्या शेळ्यांनाही त्याचा हा स्वभाव पाठ होता. दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरण्याआधी त्या एकदा वळून त्याच्याकडं बघत आणि तो काही म्हणत नाही असं पाहून निवांत आत जात. त्यामुळं गावचा कोंडवाडा नामाजीच्या चांगल्याच ओळखीचा झालेला. कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरांची कोठडी. चार दगडी भिंती, लोखंडी गजांचं फाटक, एका कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची टाकी. पंचायतीचा शिपाई जगन जनावर धरून आणायचा, कुलूप घालायचा, आणि मालकानं दंड भरून ते सोडवून न्यायचं. अलीकडं गावात जनावरं कमी झाली, मोकाट फिरायचं काम माणसांनीच अंगावर घेतलं, आणि कोंडवाडा ओस पडला. किल्ली मात्र जगनच्या करदोट्याला अजून होती. अधिकार गेला तरी किल्ली कुणी सोडत नाही.

तर अशा ह्या नामाजीनं यंदा दोन ठिकाणी 'बरं' म्हणून ठेवलं, आणि ती दोन्ही 'बरं' एकाच रविवारी समोरासमोर आली.

पहिलं 'बरं' जुनं होतं. त्याची लेक मोहिनी हिंगोलीला कॉलेजात गेली, तेव्हा पहिल्याच दिवशी बसथांब्यावर ती म्हणाली होती, "आबा, माझं शिक्षण पुरं होईस्तोवर बघायला म्हणून कुणाला दारात आणू नका." बस आली होती, धूळ उडत होती. नामाजी म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं." पोरगी खिडकीतून हसली. ते हसू त्यानं जपून ठेवलं होतं.

दुसरं 'बरं' गेल्या आठवड्यातलं. त्याचा मेव्हणा सुदाम हा आखाडा बाळापूरच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांची दलाली करतो. रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरवायचा, आणि एकदा हात हातात आला की समोरच्याला सोडायचं नाही, हा त्याचा धंदा. सोयरिकीही तो त्याच हातानं जमवी.

"दाजी, शिरड शहापूरचं स्थळ हाय," सुदाम नामाजीचा हात धरून म्हणाला. "पोराचं मोटारी दुरुस्तीचं दुकान हाय. घर पक्कं, बोअरला पाणी. मान्सं तर अशी, का आवाज चढवून बोलत न्हाईत. येत्या रविवारी पोराच्या बापाला आणतो. येऊ ना?"

"या की," नामाजी म्हणाला.

दोनच शब्द. पण तोंडातून निघाले, ते परत आत घेता येईनात. सुदाम गेल्यावर त्यानं रोजच्यासारखं नर्मदाबाईकडं बघितलं. नर्मदाबाई ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"माझ्याकडं बघू नका. माझं म्हणणं तुमाला ठाऊक हाय. पोरीला शिकू द्या. पण त्यो माझा पाठचा भाऊ. त्याला मी न्हाई म्हणले, तर मला माहेरचा रस्ता राहील का? इतके दिवस तुमच्या वाटचं मी बोलले. पोरीचं तुमी बोला. पोरगी काय माझ्या एकटीची हाय?"

"बोलतो की."

"कवा?"

"बोलतो."

नामाजीचं 'बोलतो' म्हणजे पावसाळ्यातलं 'उद्या फवारतो'. नर्मदाबाई पुन्हा ज्वारीकडं वळली.

पुढचे दिवस नामाजीनं कसे काढले ते त्याच्या शेळ्यांनाच ठाऊक. रानात तो त्यांच्यापुढं सराव करी. एका शेळीला समोर उभं करून तो म्हणे, "सुदाम, असं हाय, का..." आणि तिथंच थांबे. शेळी थोडा वेळ वाट बघून चरायला लागे. फोन लावावा म्हणून त्यानं एकदा आकडेही दाबले. पलीकडून सुदामचा आवाज आला, "बोला दाजी!" आणि नामाजी म्हणाला, "न्हवं, सहजच. तिकडं बाजार कसा हाय?" ज्या माणसाला बाजारात काहीच विकायचं नाही, त्यानं बाजारभावाची एवढी माहिती कधी ऐकून घेतली नसेल. मोहिनीला सांगावं, तर बसथांब्यावरचं ते हसू आडवं येई. अडकित्त्यातल्या सुपारीला निदान फुटून मोकळं होता येतं. नामाजी नुसता दाबला जात होता.

शुक्रवारी संध्याकाळी मोहिनी हिंगोलीहून आली. हातात मोठ्या कागदांची गुंडाळी होती. आल्या आल्या ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"आबा, तुमचं एक काम हाय."

"बरं," नामाजी म्हणाला. काम नंतर विचारायची त्याची पद्धत होती.

काम असं होतं. मोहिनीच्या कॉलेजात सिनेमा शिकवायचा नवा विषय आला होता. सरांनी सांगितलेलं, की प्रत्येक जोडीनं एका थरारपटाची पहिली दोन मिनिटं आखून आणायची. काय दिसेल, काय ऐकू येईल, कॅमेरा कुठं राहील, सगळं चौकोन काढून दाखवायचं. ज्या जोडीचा आराखडा पसंत पडेल, त्यांचाच सिनेमा दिवाळीनंतर सगळा वर्ग मिळून करणार. खऱ्या कॅमेऱ्यावर.

"नुसती सुरवात?" नामाजीनं विचारलं. "आन् पुढं?"

"पुढचं दिवाळीनंतर बघू. आत्ता फक्त बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे."

"म्हणजे आंतरपाट धरायचा, आन् अक्षता टाकायच्या आधीच लोकांला घरी लावून द्यायचं."

"तसंच." मोहिनी हसली. मग तिनं कागद उलगडले. "एक माणूस हाय. शुद्धीवर येतो, तर कोंडलेला. कुणी कोंडलं, काहून कोंडलं, त्याला कायबी ठाऊक न्हाई."

"कुणाला तरी व्हय म्हणला असंल," नामाजी पुटपुटला.

"काय?"

"काय न्हाई. तू सांग."

"तो माणूस तुमी व्हायचं. आपल्या कोंडवाड्यात. जगन काकाला विचारलंय मी. माझी मैत्रीण समरीन येणार हाय हिंगोलीवरून. रविवारी सकाळीच करू."

रविवारी! नामाजीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. जन्मात पहिल्यांदा त्याला एक युक्ती सुचली, आणि पहिलीच असल्यामुळं ती त्याला फार मोठी वाटली. रविवारी सकाळी पाहुणा येणार. घरात पोरीचा बाप नाही. आता बाप घरी नसताना मुलगी दाखवायची पद्धत आपल्याकडं कुठं आहे? पाहुणा चहा पिणार आणि आल्या पावली जाणार. कुणाला न्हाई म्हणायला नको, कुणाचं मन मोडायला नको. आपण आपले कोंडवाड्यात, कुलपाच्या आत, सुखरूप.

"बरं," तो दुसऱ्यांदा म्हणाला, आणि त्या रात्री त्याला आठवडाभरानं झोप लागली.

रविवारी समरीन पहिल्या बसनं आली. हिंगोलीच्या बाजारात तिच्या घरच्यांचं बांगड्यांचं दुकान. बोलायला चटपटीत, आणि दोन हातांची बोटं जुळवून चौकोन करून त्यातून जग बघायची सवय. कोंडवाड्यात शिरल्या शिरल्या तिनं चौकोनातून भिंत बघितली, टाकी बघितली, शेवटी नामाजी बघितला.

"मोहिनी, चाचा एकदम बराबर है! पण मिशी जरा खाली पाडा ना चाचा. ही मिशी कोंडलेल्या माणसाची न्हाई वाटत, पोलीस पाटलाची वाटते."

नामाजीनं मिशी खाली पाडली. मोहिनीनं त्याचे हात पाठीमागं शेळीच्या दाव्यानं बांधले. जगन शिपाई बऱ्याच दिवसांनी आपल्याला काम लागलं म्हणून धुतलेला सदरा घालून आला होता. पोरी बाहेर आल्यावर त्यानं फाटक ओढलं.

"जगन काका, कुलूप नुसतं अडकवा, दाबू नका हं," मोहिनी म्हणाली.

"अडकवायला काय ते खुंटीवरचं टोपडं हाय?" जगन म्हणाला, आणि खट्‌कन कुलूप दाबलं. "कोंडवाडा म्हंजे कोंडवाडा. इतकी जनावरं कोंडली, एकबी माझ्या हातून सुटलं न्हाई." किल्ली त्यानं करदोट्याला बांधली. "मी सेनगावला जावळाच्या जेवणाला चाललो. तुमचं चालू द्या निवांत. जेवून आलो का उघडतो."

"अहो काका, किल्ली!"

पण जगनची मोटारसायकल तोवर वळणाच्या पार गेली होती. मोहिनी घाबरली. "आबा, आता?"

"असू दे की," नामाजी आतून म्हणाला. त्याच्या दृष्टीनं सगळं अगदी मनासारखं जमून येत होतं.

काम सुरू झालं. पहिला चौकोन कुठला, यावर दोघींचं भांडण जुंपलं. मोहिनी म्हणे, आधी कुलूप दाखवू. समरीन म्हणे, कुलूप दाखवलं की सगळं कळलं, मग भीती कसली? आधी नुसता श्वास ऐकू आला पाहिजे. आत माणूस आहे का जनावर, हेच कळायला नको. मग टाकीतल्या पाण्यावर सावली. मग पाय. तोंड सगळ्यात शेवटी. मोहिनीला ते पटलं. तिनं एक कागद फाडला, दुसऱ्यावर चौकोन काढले, समरीननं मोबाइल लावला. "चाचा, आता घाबरा."

इथंच घोटाळा झाला. नामाजीला घाबरता येईना. मोबाइल समोर आला की त्याला वाटे, कुणीतरी आपल्याकडं बघतंय, आणि बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून तो हसे. एकदा तर त्यानं मोबाइलला मान लववून रामराम केला.

"आबा, तुमाला कोंडलंय!"

"व्हय की."

"मग हसून काहून राहिले?"

"त्येचं असं हाय बाई, ह्यो मोबाइल एवढा वेळ धरून ठिवलाय बिचाऱ्या समरीन बेटीनं. तोंड वाकडं करून कसं चालंल?"

समरीननं कपाळाला हात लावला. "चाचा, समजा वाघ आला."

नामाजीनं वाघाची कल्पना केली. वाघालाही काही पाहिजे असणार, असं त्याला वाटलं, आणि तो समजूतदारपणे हसला.

उन्हं चढली. कापलेल्या सोयाबीनचा वास कुठूनतरी रानातून येत होता. दोघी टेकीला आल्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक आवाज आला. बाजारात शंभर मेंढ्यांच्या गलक्यावरून पलीकडं पोचणारा तो आवाज होता.

"हिकडून या पाव्हणं! आक्का म्हणली, दाजी कोंडवाड्यात हायेत!"

नामाजीच्या तोंडावरचं हसू पाण्यात मीठ जावं तसं गेलं. डोळे मोठे झाले, ओठ सुटले, श्वास वर अडकला. तो मागं मागं सरकत भिंतीला टेकला, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, पत्र्याच्या आडोशाकडं बघितलं. बांधलेले हात त्यानं उगाच ओढून पाहिले.

"अल्ला!" समरीन कुजबुजली. "मोहिनी, बघ! हेच पाहिजे होतं! चाचा, असेच राहा, हलू नका!"

नामाजीला हलायला जागाच कुठं होती? नर्मदाबाईनं खरं सांगून टाकलं होतं. भावाला न्हाई म्हणणार नाही म्हणाली होती, तशी भावाशी खोटंही बोलणार नाही, हे त्याच्या युक्तीत धरायचं राहून गेलं होतं. घरात असता तर निदान मागच्या दारानं गोठ्यात जाता आलं असतं. कोंडवाड्याला मागचं दार नसतं. आजवर ज्या ज्या शेळ्यांना त्यानं ह्या गजांआड बघितलं होतं, त्या सगळ्यांची त्यानं मनातल्या मनात माफी मागितली.

सुदाम आला. त्याच्यामागं पांढरी टोपी घातलेले, चप्पल न वाजवता चालणारे एक गृहस्थ. तेच मुलाचे वडील, वैजनाथराव. दोघं फाटकापाशी येऊन थांबले. आत भावी व्याही, हात मागं बांधलेले, मिशी पडलेली.

"रामराम," वैजनाथराव म्हणाले. खरोखरच ते आवाज चढवत नव्हते.

"रामराम," नामाजी म्हणाला. हात जोडायला गेला, ते मागंच राहिले.

"दाजी, ही काय दशा?" सुदाम ओरडला. मग पाहुण्याकडं वळून एकदम गोड आवाजात, "आमचे दाजी म्हंजे गावाच्या कामात लई पुढं. पंचायतीचं काहीतरी बघून राहिले असतील."

"मामा, सिनेमाचं काम हाय माझं," मोहिनी म्हणाली. "तुमी कसे आले आज?"

"कसे म्हंजे? तुझ्यासाठीच! हे शिरड शहापूरचे पाव्हणे. तुला बघायला आलेत. दाजींनीच तर बोलावलं."

मोहिनी वळली. फाटकाच्या दोन गजांमधून तिनं बापाकडं बघितलं. "आबा, तुमाला ठाऊक होतं?"

नामाजीनं मान हलवली. ती वरखालीच हलली. आडवी हलवायची सवयच तिला नव्हती.

मोहिनी ओरडली असती, रडली असती, तर नामाजीला सोपं गेलं असतं. तिनं ओढणी सारखी केली आणि पाहुण्यांना वाकून नमस्कार केला. घरातल्या रीतीत ती कमी नव्हती.

"आता घरी कशाला जायचं?" सुदामचा दलाली स्वभाव उसळला. "पोरगी समोर हाय, बाप समोर हाय. बसा पाव्हणं ह्या ओट्यावर. विचारा काय विचारायचं ते."

वैजनाथराव संकोचत ओट्यावर टेकले. "बाळ, काय शिकतीस?"

"सिनेमा."

"म्हणजे नाचगाणं?"

"न्हाई काका. सुरवात कशी करायची ते."

"आणि नंतर?"

"नंतरचं दिवाळीनंतर शिकवतील," मोहिनी म्हणाली, आणि समरीनकडं बघितलं. समरीननं मोबाइल केव्हाच खाली घेतला होता.

"असं हाय," वैजनाथराव नामाजीला म्हणाले, "आम्हाला तुळशीचं लग्न झालं की लगेच उरकायचंय. आमच्या घरात बाईमाणूस कमी पडतं. शिक्षण झालं तेवढं पुष्कळ झालं. मुलगी नम्र आहे, आम्हाला पसंत आहे. तुमचं काय?"

"दाजींचं काय असायचंय?" सुदाम म्हणाला. "दाजी आजपस्तोर कुणाला न्हाई म्हणले न्हाईत, तुमाला म्हणतील? विचारा गावात!" पिशवीतून त्यानं नारळ आणि पानात बांधलेली सुपारी काढली, तीही तयारीनं आणलेली, आणि गजांमधून आत हात घातला. "घ्या दाजी. हातात सुपारी घेतली का शब्द झाला. चहा मग घरी."

सुपारी नामाजीच्या छातीपाशी येऊन थांबली. त्यानं ती घेतली नाही, कारण हात बांधलेले होते. जन्मात पहिल्यांदा त्याला दावं आवडलं.

"अरे पोरींनो, हात सोडा त्यांचे!" सुदाम म्हणाला.

"गाठ लई कडक हाय मामू," समरीन पटकन म्हणाली.

"गाठ मला सांगून राहिली का? माझा जन्म गाठी सोडण्यात गेला. दाजी, पाठ करा हिकडं."

आणि नामाजीनं पाठ केली! सुदामनं म्हणावं आणि नामाजीनं वळावं, हे इतक्या वर्षांचं होतं की पाय आपोआप फिरले. सुदामनं गजांतून एक टोक ओढलं. मोहिनीनं शेळीला मारतात तशीच सरकगाठ मारली होती. एका हिसक्यात दावं खाली पडलं. नामाजी परत वळला. आता हात मोकळे होते, आणि सुपारी समोर होती.

उजवा हात वर निघाला. तो आपलं ऐकत नाही, हे नामाजीला दिसत होतं. पंप देताना, उपरणी घेताना हाच हात असाच निघायचा. सुटका व्हावी म्हणून त्यानं मोहिनीकडं बघितलं, की ती काहीतरी म्हणेल, निदान डोळ्यांनी.

मोहिनी त्याच्याकडं बघतच नव्हती. ती जमिनीवर उकिडवी बसून कागद गोळा करत होती. पाण्यावरची सावली, पाय, तोंड, एकेक चौकोन नीट जुळवून तिनं गुंडाळी केली, मनगटातलं रबर काढलं आणि गुंडाळीवर चढवलं. बाप काय करणार याची वाट बघायची तिला गरजच वाटली नव्हती. वीस वर्षं ती त्याला ओळखत होती.

नामाजीचा हात सुपारीपासून बोटभर अंतरावर थांबला.

"न्हाई," तो म्हणाला.

ते इतकं बारीक निघालं, की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं ओरडणंही त्याहून मोठं असतं.

"काय म्हणले?" सुदाम म्हणाला.

आता हा अन्याय होता. एवढ्या कष्टानं एकदा काढलेलं पुन्हा काढायचं! नामाजीनं दोन्ही हातांनी फाटकाचे गज धरले, डोळे मिटले आणि ओढ्यापलीकडच्या शेळीला हाक मारायच्या आवाजात ओरडला, "न्हाई!"

लिंबावरचे कावळे उडाले. वैजनाथराव ओट्यावरून उभे राहिले.

"न्हाई म्हणजे न्हाई," नामाजी डोळे मिटूनच बोलत सुटला. "पोरगी शिकणार हाय. तिला मी शब्द दिलता, आन् मग तुमालाबी या म्हणलं. चूक माझी हाय पाव्हणं. तुमचं घर चांगलं हाय, बोअरला पाणी हाय, पोरगं गुणी असंल. तुमी जेवून जा. माझ्या घरून उपाशी जाऊ नका. पण सुपारी न्हाई."

मग त्यानं डोळे उघडले.

वैजनाथरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "हे फोनवर सांगितलं असतं, तर आमचा दिवस वाचला असता," ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर कमी लागलं असतं. "जेवायला नको. चलतो." आणि ते चप्पल न वाजवता गल्लीनं निघाले.

सुदाम जागेवरच राहिला. त्याचा हात अजून गजांच्या आतच होता.

"दाजी, माझा हात रिकामा घालवला तुमी," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो हळू बोलत होता. "बाजारात कुणी घालवला न्हाई. आक्काला सांगा, माझी वाट बघू नको म्हणावं." त्यानं हात बाहेर काढला, नारळ काखेत मारला आणि पाहुण्यामागं गेला.

नामाजीला त्याच्यामागं धावावंसं वाटलं. सवय होती. हात धरून 'बरं बरं, चला' म्हणायला त्यानं एक पाऊल उचललंही. पण पुढं फाटक होतं आणि किल्ली सेनगावला जेवायला गेली होती. तो तिथंच गजाला धरून उभा राहिला.

थोड्या वेळानं नर्मदाबाई आली. पाहुण्यांसाठी केलेल्या पोह्यांचं पातेलं कडेवर, हातात ताटल्या. गल्लीत तिची आणि भावाची गाठ पडली असावी. डोळे लाल होते. तिनं कुणाकडं न बघता पोहे वाढले. एक ताटली फाटकाखालच्या फटीतून आत सरकवली, जनावराला पेंड सरकवतात तशी.

"त्यो गेला," ती म्हणाली. "बोलला न्हाई माझ्यासंगं."

"मी जातो त्याच्याकडं. समजूत घालतो," नामाजी म्हणाला.

"तुमी नका जाऊ. तुमी गेलात तर दुसरं स्थळ घेऊन याल. मीच जाईन." ती फाटकाला पाठ लावून खाली बसली, गजांच्या बाहेरून, नामाजीला लागून. "शेजारच्या गल्लीपस्तोर ऐकू आलं. एवढं ओरडायची काय गरज होती?"

"पहिल्या खेपेला ऐकू गेलं न्हाई त्याला."

समरीन खाली मान घालून पोहे खात होती. तिचे खांदे हलत होते. मोहिनी मात्र हसली नाही. रबर लावलेली गुंडाळी तिच्या मांडीवर होती.

"आबा, आन् दुसरे पाव्हणे आले तर?"

नामाजीनं घास तोंडात घातला. पोहे गार झाले होते. येणार तर होतेच. सुदाम नाही तर दुसरा कुणी, शिरड शहापूर नाही तर दुसरं गाव. प्रत्येक लग्नसराईला कुणीतरी सुपारी घेऊन दारात उभं राहणार, आणि प्रत्येक वेळी जगन कुलूप लावून गेलेला नसणार. घराला तर पुढचंही दार होतं आणि मागचंही.

"दमलो गं बाई," तो म्हणाला. "एवढं एकच काढलं तर अंगातली सगळी ताकद गेली. दुसऱ्यासाठी जरा जेवू तर दे."

नर्मदाबाईनं पातेलं उचललं आणि न विचारता फटीतून आणखी एक उलथणं पोहे त्याच्या ताटलीत टाकले. तो न्हाई म्हणाला नाही.